भाराभर चिंध्या

मराठी भाषेत म्हणींना तोटा नाही, आणि त्यांतल्या निम्म्या म्हणी वडीलधाऱ्यांनी धाकट्यांचा उत्साह मोडण्यासाठीच रचल्या असाव्यात, असा मला दाट संशय आहे. ‘अति तेथे माती’, ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’, ‘आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास’! कुणी काही नवे करायला निघाला रे निघाला, की त्याच्या पायात घालायला एखादी म्हण तयार असतेच. कॉलेजात मराठी शिकवण्याचा माझा व्यवसाय. त्यामुळे माझ्याजवळ हा साठा नेहमीच भरलेला. म्हणून गेल्या जून महिन्यात एका संध्याकाळी आमच्या कन्येने जेव्हा जाहीर केले, की ज्यूदो चालू ठेवून आपण आता आठवड्यातून तीन दिवस बॉक्सिंगलाही जाणार, आणि जमले तर पुढे कुस्तीच्या तालमीतही नाव घालणार, तेव्हा मला फारशी शोधाशोध करावी लागली नाही. हातातले वर्तमानपत्र खाली न ठेवताच मी म्हणालो, “एक ना धड, भाराभर चिंध्या!”

नेमकी म्हण नेमक्या वेळी सुचली, की मराठीच्या प्राध्यापकाला जेवणाआधीच पोट भरल्यासारखे वाटते. पण कन्या हसली नाही आणि चिडलीही नाही. ती एवढेच म्हणाली, “बाबा, ज्यूदोत कुणी ठोसा मारत नाही. बाहेर मारतात.” आणि आत निघून गेली.

वर्तमानपत्र हातात तसेच राहिले. ‘बाहेर मारतात’ या दोन शब्दांचा संदर्भ मला स्पष्टीकरणासह ठाऊक होता.

खरे सांगायचे तर ही म्हण उच्चारण्याचा अधिकार माझ्याइतका दुसऱ्या कुणाला नसेल. आम्ही मूळचे कोल्हापूरचे. आमचे वडील, म्हणजे आबा, तरुणपणी तालमीत मुरलेले. साहजिकच मला वयाच्या अकराव्या वर्षी लंगोट देऊन हौद्यात उतरवण्यात आले. चार महिने पहाटे पाचला उठून मी तांबड्या मातीत लोळत होतो. चार महिन्यांनंतर वस्तादांनी आबांना बाजूला घेऊन सांगितले, “ह्याला शाळंतच हुशार करा.” पुढच्या उन्हाळ्यात एका शिबिरात मी लाठी शिकलो. ती मला बरी फिरवता येऊ लागली. फक्त मधे कुणी उभे राहता कामा नये. कॉलेजात असताना व्हिडिओ कॅसेटवर ब्रूस ली पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी कराटेच्या क्लासात नाव घातले. दोन वर्षांत पिवळा पट्टा मिळवला आणि हवेतल्या शत्रूचे अतोनात नुकसान केले. मधेच बॉक्सिंगलाही गेलो होतो. पण आठव्या दिवशी नाकावर ठोसा बसला आणि नवव्या दिवसापासून आईने पाठवणे बंद केले. अशा रीतीने चार विद्यांच्या चिंध्या अंगावर पांघरून मी गृहस्थाश्रमात प्रवेश केला. त्यांची परीक्षा व्हायची वेळ पुष्कळ वर्षे आली नाही. आली ती दहा वर्षांपूर्वी.

श्रावणातला पाऊस होता. एस. टी. स्टँडवर राखीपौर्णिमा आटोपून परतणाऱ्यांची गर्दी लोटली होती. गाडी फलाटाला लागली तशी झुंबड उडाली आणि एका धिप्पाड तरुणाने माझ्या पत्नीला कोपराने बाजूला लोटले. ती खांबावर आपटली. मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही, पण व्याकरणशुद्ध बोललो असेन. तो वळला. मी छत्री डाव्या हाती तशीच ठेवून कराटेचा पवित्रा घेतला. आपण पवित्रा घेतला की समोरचाही पवित्रा घेतो, मग दोघे एकमेकांना वाकून नमस्कार करतात, असा माझा दोन वर्षांचा अनुभव. या गृहस्थाला ती रीत ठाऊक नव्हती. तो सरळ आत आला, त्याने माझ्या कमरेला मिठी घातली आणि मला चिखलात आडवे केले.

कराटेच्या क्लासात मला कुणी कधी धरलेच नव्हते. तालमीत धरले होते, पण तिथे कुणी ठोसा मारला नव्हता. लाठी घरी होती. छत्री हातात होती, पण ती या धांदलीत उघडली. आणि सगळ्यांत वाईट गोष्ट अशी, की पाठ जमिनीला लागल्याबरोबर माझे अंग आपोआप सैल पडले. चार महिन्यांच्या तालमीने दुसरे काही शिकवले नसले, तरी पाठ टेकली की कुस्ती संपली, एवढे अंगात भिनवले होते. माझ्या लेखी कुस्ती संपली होती. त्याच्या लेखी ती आता सुरू होत होती. तो माझ्या छातीवर बसला, त्याने दोन थोबाडीत दिल्या, आणि मग आरामात उठून गाडीत खिडकीजवळची जागा पटकावली. आम्ही पुढच्या गाडीने गेलो.

कन्या तेव्हा सात वर्षांची होती. आईचा हात धरून तिने ते सगळे पाहिले. त्या दिवसाविषयी ती माझ्याशी कधीच काही बोलली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिने आपण होऊन ज्यूदोत नाव घालायला लावले. का, ते मी विचारले नाही. काही प्रश्न न विचारण्यातच बापाची अब्रू असते.

आता तुमच्या लक्षात येईल, की त्या जून महिन्यातल्या संध्याकाळी मला म्हण सुचली ती तिच्या काळजीपोटी नव्हे. नऊ वर्षे ज्यूदो शिकलेली मुलगी अजून ‘बाहेर’ पुरी पडत नाही असे म्हणते, तर मग चिखलात पडलेल्या माझे काय, असे काहीतरी मनात डाचले होते.

मी गाऱ्हाणे आबांपुढे नेले. पावसाळ्याचे दोन महिने ते आमच्याकडे असतात. वय अठ्ठ्याहत्तर, पण अजून पायरी चढताना कठड्याला हात लावत नाहीत. ते माझ्याच बाजूने बोलतील याची मला खात्री होती. कारण आबांच्या मते जगात विद्या एक, ती कुस्ती. आणि कुस्ती एक, ती मातीतली. गादीवरच्या कुस्तीचा विषय निघाला, की “गादी झोपाय आसती” एवढे बोलून ते तो मिटवत आले होते.

आबांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि नातीला हाक मारली. “काय शिकलीस गं नऊ वर्सांत? दाव बघू.”

दिवाणखान्यातली टीपॉय हलली, गाद्या अंथरल्या गेल्या, आणि प्रतिस्पर्धी म्हणून घरात मी एकटाच उपलब्ध असल्यामुळे मला उभे करण्यात आले. तिने माझा हात धरला, पाठ फिरवली, आणि पुढच्या क्षणी मी तिच्या खांद्यावरून गादीवर आलो. आबांनी मांडीवर थाप मारली. “धोबीपछाड! ही तर आमची हाय.” कन्या म्हणाली, “जपानीत सेओई-नागे म्हणतात, आबा.” मग ती खाली वाकली आणि तिने मला, बहात्तर किलोच्या प्राध्यापकाला, आडवे खांद्यांवर उचलले. टाकले नाही, दया आली असावी. आबा खुर्चीतून अर्धे उठले होते. “कलाजंग! तुला कुनी शिकिवली?” तिने तिचेही जपानी नाव सांगितले: काता-गुरुमा.

मग तिने मला पाठीवर पाडून धरून ठेवले. आबा म्हणाले, “झालं, चीत झाला. सोड त्याला.” कन्या म्हणाली, “नाही आबा, आमच्यात इथून पुढेही असतं.” आणि आता ती स्वतः पाठीवर आडवी झाली आणि मला म्हणाली, “बाबा, मला दाबून ठेवा.” मी दाबले. काय झाले ते मला नीट सांगता येणार नाही. पण दोन श्वासांत माझा हात तिच्या दोन्ही मांड्यांमध्ये सरळ ताणला गेला होता, कोपर उलटे होऊ पाहत होते, आणि मी दुसऱ्या हाताने गादी बडवत होतो.

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पाठीवर पडून जिकलीस?”

त्या रात्री जेवणे झाल्यावर सुपारी कातरता कातरता ते मला म्हणाले, “तू त्या पोरीला म्हन सांगितलीस. मी तुला एक खरी गोष्ट सांगतो. सदुसष्ट सालात मला एकदा गादीवर न्हेलं हुतं. ज्या पोराला मी मातीत धा येळा आस्मान दावलं आसतं, त्यानं मला गुनांवर हरवला. पाय निसटत हुता, पकड बसत नव्हती, शिट्टी कशाला वाजती ते कळत नव्हतं. वस्ताद म्हनाले, सा म्हैने गादीवर ये, सुधारशील. मी गेलो न्हाई.”

“का?”

“गल्लीत मला पैलवान म्हनायची. आन् तितं शेंबडी पोरं मला पाय कसा ठिवायचा ते शिकिवनार! गादीला नावं ठिवत ठिवत म्हातारा झालो. गादी खोटी नव्हती रं. मला पुन्यांदा नवशिका व्हायची लाज वाटली.” थोडे थांबून ते म्हणाले, “खाशाबांना वाटली न्हाई.”

खाशाबा म्हणजे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. मातीत वाढलेला हा पैलवान १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेला, आणि गादी व तिचे नियम नवखे असूनही आपल्या गटात सहावा आला. नंतरची चार वर्षे त्याने त्या नवखेपणाशी झुंज घेतली. आणि १९५२ साली हेलसिंकीला बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मातीतला ढाक त्यांनी टाकून दिला नव्हता; तो गादीवर कसा बसवायचा, ते ते शिकले होते.

“तवा पोरीला जाऊ दे,” आबा म्हणाले. “पर ज्यूदो सोडू नगं म्हनावं. आपलं घर राखून मग दुसऱ्याच्या घरी जावं.”

दुसऱ्या दिवसापासून मी पुस्तकांकडे वळलो. भित्र्या माणसाला मारामारी पुस्तकात फार आवडते. आणि मला असे आढळून आले, की आमच्या कन्येचा रोग जुना आहे आणि मोठमोठ्या माणसांना तो झालेला आहे.

पहिला भेटला तो शेरलॉक होम्सच्या मार्फत. १९०३ साली कॉनन डॉईलने होम्सला कड्यावरून परत आणले, तेव्हा तो वाचला कसा याचे कारण देताना त्याने ‘बारित्सू’ नावाच्या जपानी कुस्तीचा उल्लेख केला. अशी कुस्ती जपानात नाही. हे मूळ नाव ‘बार्टित्सू’, आणि ते तयार केले एका इंग्रज इंजिनियरने. त्याचे नाव बार्टन-राइट. जन्म १८६० सालचा, आपल्या बंगळूरचा. तो जपानात काही वर्षे राहून जुजुत्सू शिकला, १८९८ साली लंडनला परतला, आणि आपल्या आडनावाचा पूर्वार्ध व जुजुत्सूचा उत्तरार्ध जोडून त्याने एक नवी विद्या काढली. मराठीत अशा शब्दाला आम्ही धेडगुजरी म्हणून नाके मुरडू. पण त्यामागचा विचार सरळ होता. शत्रू लांब असेल तर हातातली छडी, जवळ आला तर लाथ आणि ठोसा, अंगाला भिडला तर जुजुत्सू. एका विद्येची हद्द जिथे संपते, तिथे दुसरीने तिला हात द्यायचा. त्याने जपानहून पहिलवान आणले, स्वित्झर्लंडचा छडीबहाद्दर पिएर विन्यी आणला, सोहो भागात क्लब काढला. हा क्लब १९०२ च्या सुमारास बंद पडला. बार्टन-राइट १९५१ साली नव्वदाव्या वर्षी गरिबीत वारला. एवढ्या मोठ्या कल्पनेची खूण म्हणून लोकांच्या लक्षात राहिला तो एक चुकीच्या स्पेलिंगचा शब्द.

दुसरा भेटला तो जिगोरो कानो. यांचाही जन्म १८६० सालचाच, आणि व्यवसाय मास्तरकीचा, म्हणून मला विशेष जवळचा वाटला. अंगाने लहान, शाळेत दांडगी पोरे छळत, म्हणून जुजुत्सू शिकायला गेला. एका घराण्यात गळा आवळणे, सांधे मुरगाळणे, जमिनीवर धरून ठेवणे यांवर भर होता. दुसऱ्यात उचलून फेकण्यावर. कानो दोन्हीकडे शिकला. आखाड्यातला एक धिप्पाड सोबती काही केल्या आटपेना, तेव्हा त्याने पाश्चात्त्य कुस्तीतली एक युक्ती उचलली आणि त्याला खांद्यावर घेऊन आपटले. तीच काता-गुरुमा! म्हणजे आमच्या कन्येने मला उचलले ते जपानी नावाने, पाश्चात्त्य युक्तीने, आणि आबांनी ओळखले कोल्हापुरी कलाजंग म्हणून. १८८२ साली टोकियोच्या एका देवळात बारा चटयांच्या जागेत कानोने आपली शाळा काढली. तिला कोदोकान म्हणतात, आणि तिथूनच ज्यूदो जगभर गेला. आमची कन्या नऊ वर्षे जी ‘एक’ विद्या शिकत होती, ती मुळात अशी दोन-तीन ठिकाणच्या कापडांतून बेतलेली होती.

पण कानोची खरी करामत दोन विद्या एकत्र करण्यात नव्हती. एकत्र काय, कुणीही करील. मी चार केल्या होत्या. त्याने ज्या डावांनी सोबत्याचा हात मोडेल, डोळा जाईल, ते सरावातून बाजूला काढले. आणि उरलेल्या डावांचा सराव पूर्ण जोराने, खऱ्या विरोधात करायला लावला. समोरचा माणूस पडू इच्छीत नाही आणि तुम्ही त्याला पाडू पाहता, याला ते रांदोरी म्हणतात. आपल्या तालमीत दुसरे काय चालते? भयंकर दहा डाव नुसते पाठ असण्यापेक्षा साधे तीन डाव विरोध करणाऱ्या माणसावर रोज चालवलेले बरे. माझा कराटेचा शत्रू हवेचा होता, आणि हवा विरोध करीत नाही.

विद्यांची कुंपणे किती उंच असतात, हे १९७६ सालच्या २६ जूनला टोकियोत दिसले. मुष्टियोद्धा महंमद अली आणि जपानी पहिलवान इनोकी यांची झुंज लावली होती. इनोकी बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारीत राहिला; अली त्याच्याभोवती फिरत राहिला. पडलेल्या माणसाला कसे मारायचे हे मुष्टियुद्धात नाही, आणि उभ्या अलीच्या ठोशांत शिरायची पहिलवानाला हौस नव्हती. पंधरा फेऱ्या झाल्या आणि निकाल लागला बरोबरीचा. दोन पंडित आपापल्या भाषेत व्याख्यान देऊन घरी जावेत, तसे झाले.

त्यानंतर १९९३ सालच्या नोव्हेंबरात अमेरिकेत डेन्व्हर येथे एकाच रात्री आठ वेगवेगळ्या विद्यांचे आठ जण लढले. एक मुष्टियोद्धा तर एकाच हातात ग्लव्ह घालून आला होता. जिंकला तो ब्राझीलचा रॉइस ग्रेसी, वजन ८० किलोच्या आसपास. कोदोकानचा माएदा नावाचा ज्यूदोपटू १९१४ साली ब्राझीलला जाऊन राहिला होता. ग्रेसी घराण्याने त्याच्याकडून विद्या घेऊन जमिनीवरच्या झुंजीत ती कमालीची वाढवली. रॉइसने त्या रात्री तिघांना हरवले, आणि तिघांना मिळून पाच मिनिटांच्या आसपासच वेळ लागला. जमिनीवर आल्यावर बाकीच्यांची गत काय झाली असेल, ते मी चांगले समजू शकतो. त्यांच्या लेखी कुस्ती संपली होती.

पण गोष्ट इथे थांबली नाही, आणि मला पटले ते पुढचेच. थोड्या वर्षांत बाकीचे जमिनीवरचे डाव शिकले. कुस्तीगीर ठोसे शिकले. ठोसेवाले पायात शिरणाऱ्याला कसे रोखायचे ते शिकले. एकट्या विद्येचे राज्य संपले. २०१९ साली आपल्याकडच्या रितू फोगाट यांनी कुस्ती सोडून या मिश्र झुंजीत पाऊल ठेवले, तेव्हा त्यांनाही पहिल्यापासून ठोसा कसा मारायचा ते गिरवावे लागले असणार. नामवंत पहिलवानाला पाटी घेऊन पुन्हा पहिलीत बसायचे, यात काय असते ते आता आबांनी मला सांगितले होते.

आणि ते मी घरातही पाहिले. जुलैत कन्या बॉक्सिंगला जाऊ लागली. ज्यूदोतली तिची नऊ वर्षे तिथे तिच्या मदतीला येण्याऐवजी आड येऊ लागली. ज्यूदोत हात समोरच्याच्या कॉलरवर आणि बाहीवर जायला तयार, म्हणून खाली असतात. इथे मुठी हनुवटीशी हव्यात. तिथे छाती समोर. इथे अंग तिरके. कुणी जवळ आले की तिचे हात आपोआप पकड घेत, आणि सर ओरडत, “धरू नकोस!” पंधरवड्याने चौदा वर्षांच्या एका किडकिडीत मुलीने तिला चांगले बडवले. ओठ सुजवून घरी आली आणि न जेवता झोपली. आमच्या हिने माझ्याकडे पाहिले. म्हण माझ्या जिभेच्या टोकावर होती. मी ती गिळली. आयुष्यात गिळलेल्या म्हणींपैकी ही पहिलीच.

दुसऱ्या दिवशी मला वाटत होते, ती जाणार नाही. पाच वाजता तिने पिशवी उचलली. आबा दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी तिच्या सुजलेल्या ओठाकडे पाहिले आणि काही न बोलता पाठीवर थाप दिली. सदुसष्ट साली ती थाप त्यांनी स्वतःच्या पाठीवर मारून घेतली नव्हती.

सप्टेंबरात तिच्या दोन्ही सरांनी मिळून एक सराव ठेवला. ठोसेही चालतील, पकडही चालेल. डोक्याला टोप, हातात पातळ ग्लव्ह, जोर बेताचा. मी पाहायला गेलो. पहिल्या दोन फेऱ्यांत तिचे दोन वेगळे तुकडे दिसत होते. कधी ती नुसती बॉक्सर असे, कधी नुसती ज्यूदोवाली, आणि एकातून दुसरीत जाताना क्षणभर थबके. त्या थबकण्यातच मार खाई. अंगात कोट नसल्यामुळे कॉलरची सवय झालेले हात उघड्या मानेवरून घसरत. तिसऱ्या फेरीत तिने डाव्या हाताचा ठोसा तोंडाकडे नेला. तो लागण्यासाठी नव्हताच. समोरच्या मुलीचे हात वर गेले, कंबर मोकळी झाली, आणि तोच हात पुढे जाऊन काखेखालून पाठीला लागला. ठोसा कुठे संपला आणि पकड कुठे सुरू झाली, ते मला दिसले नाही. मुलगी कमरेवरून खाली आली. खाली आल्यावरही कन्या थांबली नाही, आणि ती मुलगीही थांबली नाही. दोघी हात शोधत राहिल्या.

दोन विद्या येणे वेगळे आणि दोघींमधला सांधा येणे वेगळे, हे मला त्या दिवशी कळले. माझ्याजवळ चार होत्या, सांधा एकही नव्हता.

बाहेर पडताना मी तिच्या बॉक्सिंगच्या सरांना विचारले, “रस्त्यावर याचा कितपत उपयोग?” ते हसले. “रस्त्यावर सगळ्यांत चांगला डाव म्हणजे पळणं, सर. पण पळण्यासाठी आधी मिठी सोडवता यावी लागते आणि खाली पडलं तर उठता यावं लागतं.” मला कुणीतरी दहा वर्षे उशिरा पत्र टाकल्यासारखे वाटले.

घरी आलो तेव्हा आबा सतरंजीवर लवंडले होते. अंगावर आईच्या हातची गोधडी होती. आईला जाऊन सहा वर्षे झाली. ही गोधडी आबा कुठेही जाताना बरोबर नेतात. तिच्यात आबांचे जुने धोतर आहे, आईची दोन लुगडी आहेत, माझ्या शाळेच्या सदऱ्याचा निळा तुकडा आहे. एकही तुकडा धड नाही. मी ती शेकडो वेळा पाहिली असेल. चिंध्यांची म्हणही वर्गात शेकडो वेळा सांगितली असेल. दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कन्या मला म्हणाली, “बाबा, या इकडे. तुम्हाला आधी पडायला शिकवते.” गेले पंधरा दिवस मी पडायला शिकतो आहे. हनुवटी छातीशी, हात जमिनीवर थापटायचा, श्वास सोडायचा. त्रेचाळीस ते पन्नास या वयात माणसाने शिकण्यासारखी विद्या आहे. परवा पडणे बरे जमले, तेव्हा ती म्हणाली, “आता उताणे व्हा.” मी उताणा झालो. ती माझ्या छातीवर बसली. खिडकीबाहेर परतीचा पाऊस पडत होता. ती क्षणभर थांबली आणि अगदी हळू म्हणाली, “तो असाच बसला होता ना?”

दहा वर्षांत प्रथमच त्या दिवसाचा उच्चार झाला. मी मान हलवली.

“अंग सैल सोडू नका, बाबा. पाठ टेकली म्हणजे काही संपत नाही. माझा हा हात धरून ठेवा. त्याच बाजूचा पाय माझ्या पायाबाहेर. आता कंबर वर, आणि त्या खांद्याकडे वळा.”

पहिल्यांदा जमले नाही. दुसऱ्यांदा कंबरेत कळ आली. तिसऱ्यांदा मी कंबर उचलली, वळलो, आणि ती बाजूला कलंडली. मी उठून उभा राहिलो.

आबा खुर्चीत बसून पाहत होते. “पुन्यांदा,” ते म्हणाले.